बॅरियाट्रिक ऑपरेशन ठरलंय? आधी जेवायला शिका

वजन उतरवण्यासाठी बॅरियाट्रिक, म्हणजे जठर लहान करण्याचं ऑपरेशन करायचं असं ठरवून मी पहिल्यांदा आहारतज्ज्ञ मॅडमसमोर बसले, तेव्हा त्यांनी वजन विचारलं नाही. विचारलं, "जेवायला किती वेळ लागतो तुम्हाला?" मी म्हटलं, सात-आठ मिनिटं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला मधल्या सुट्टीत याहून जास्त मिळतात कुठे? पोरांची खिचडी वाढून व्हायची, नोंदवही भरायची, एखादं भांडण सोडवायचं आणि घंटेच्या आत डबा रिकामा करायचा. मॅडम म्हणाल्या, "मग तारीख घ्यायची घाई करू नका. आधी पंचवीस मिनिटांत जेवून दाखवा."

तेव्हा राग आला होता. एवढे पैसे मोजून ऑपरेशन करायचं आणि वर जेवायलाही शिकायचं! पण तीन महिने शिकले. आज ऑपरेशनला तीन वर्षं झाली. परभणी, सेलू, जिंतूरहून कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "मॅडम, लई दुखतं का हो?" दुखणं चार दिवसांचं असतं. त्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला बसले. ऑपरेशननं जठर लहान होतं. हाताची सवय, जिभेची चटक आणि घरातली पंगत आहे तशीच राहते. टाके असताना नवी सवय लागत नाही, ती आधीच लावून जावी लागते.

आधी हिशोब आणि कागद

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे नेऊन जोडतात. दोन्ही बहुतेक दुर्बिणीतून होतात. आपल्याला कोणतं, ते सर्जन ठरवतात. पण आंबट पाणी घशाशी येण्याचा जुना त्रास असेल तर न विचारता सांगा. स्लीव्हनंतर तो वाढू शकतो.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, स्वतः काढता येतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. माझी उंची १.५५ मीटर आणि तेव्हाचं वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय ४०.८. आरोग्यविमा असेल तर हा आकडा महत्त्वाचा आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांत रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असावा, अशी अट आहे. शिवाय आधी साध्या उपायांनी वजन उतरवून पाहिलेलं असावं लागतं. म्हणून जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी फेकू नका. पॉलिसीतला वेटिंग पीरियडही, म्हणजे विम्याचे पैसे मिळायच्या आधी किती काळ थांबावं लागतं तेही, वाचा.

"तीन महिन्यांत चाळीस किलो, लिहून देतो" असं म्हणणारा एक डॉक्टर मलाही भेटला होता. जेवणाबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. तिथून उठून आले.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

एक दहा रुपयांची वही घ्या. सात दिवस जे तोंडात जाईल ते लिहा, वेळेसकट. खाणं अजिबात बदलू नका, नाहीतर वही खोटी होते.

माझ्या वहीत भाकरीनं मला पकडलं नाही, चहानं पकडलं. त्या आठवड्यात शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी आम्ही घरोघर फिरत होतो. "मॅडम, घोटभर घ्या की!" नाही म्हटलं तर माणसं हिरमुसतात. बुधवारी संध्याकाळी मोजलं तर नऊ चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर अठरा चमचे; चमच्याला चार ग्रॅम धरले तरी ७२ ग्रॅम. साखरेचे जवळजवळ २९० कॅलरी होतात, म्हणजे दीड भाकरीएवढं, आणि पोटाला पत्ताही नाही. तुमच्या वहीत वेगळं काहीतरी निघेल. कुणाचा फरसाण निघतो, कुणाची पोरांच्या ताटातली उष्टी पोळी निघते. जे निघेल त्यातलं एकच आधी धरा. मी महिनाभरात नऊचे दोन चहा केले, तेही बिनसाखरेचे. दुसऱ्यांच्या घरी गेलं की "पाणी द्या फक्त" म्हणायला लागले.

चावणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तुम्हीही घालवा.

आपण भाकरी चावतो असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. मग एका रविवारी स्वतःकडे नीट पाहिलं. भाकरीचे तुकडे ताटात मोडले, वर तुरीचं गरम वरण ओतलं, बोटांनी कुस्करलं आणि घास तोंडात टाकला. मोजलं तर पाच वेळा जबडा हलला की घास खाली. वरणानं भिजलेली भाकरी घसरतेच. त्यात हात मोकळा नसतो, तोंडात घास असतानाच पुढचा घास बोटांत तयार असतो.

ऑपरेशननंतर असा घास नव्या जठराच्या तोंडाशी अडकतो. छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि उलटी झाल्याशिवाय सुटका नसते. मला हे एकदाच झालं, पण ते दुपारचे दोन तास मी अजून विसरले नाही.

सराव असा केला. हाताऐवजी लहान मुलांचा चमचा. घास सुपारीएवढा. तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा, हात मांडीवर. पंचवीस वेळा चावायचं, घासाचं पीठ झालं की गिळायचं, मगच चमच्याला हात. पहिले आठ दिवस जबडा दुखला. जेवण निवून जायचं. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, रवंथ चाललंय का?" सगळे हसले, मीही हसले, पण मोजणं सोडलं नाही. तीन आठवड्यांनी मोजावं लागेना. आणि एक गोष्ट घडली जी मला कुणी सांगितली नव्हती. डब्यातली दुसरी भाकरी उरायला लागली.

मोबाईल आणि टीव्ही समोर असेल तर यातलं काहीही होत नाही. तो बंदच ठेवा.

तांब्या ताटापासून उचला

आपल्याकडे ताट मांडायच्या आधी तांब्या-फुलपात्र येतं. ऑपरेशननंतर जेवताना पाणी चालत नाही. लहानशा जागेत पाणी आणि अन्न दोन्ही मावत नाही, आणि पाण्यानं अन्न लवकर पुढे ढकललं जातं. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून पाणी, हा नियम साधारण सगळीकडे सांगतात. तो आजपासूनच पाळा. ठेचा आणि भुरका ताटात असेपर्यंत जमणार नाही, हे आधीच सांगते. मी मिरची अर्ध्यावर आणली तेव्हा कुठे तांब्या दूर गेला.

याची दुसरी बाजू जास्त अवघड आहे. उन्हातून आलं की आपण तांब्या वर धरून घटाघटा रिकामा करतो. पुढे तसं पिता येत नाही, आणि दिवसाचं दीड-दोन लिटर तर जायलाच हवं. नाही गेलं की चक्कर, बद्धकोष्ठता, सलाईन. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा ही गंमत नाही. त्यामुळे एक लिटरची बाटली घ्या, तिला पेननं चार रेघा मारा, दोन तासांत एक रेघ उतरवायची. घोट लहान, पण सारखे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती पाणी ते डॉक्टरांना विचारा. सोड्याच्या बाटल्या कायमच्या बंद. रसवंतीवरचा ऊसाचा रसही.

प्रोटीन: आपल्या स्वयंपाकघरातलं

ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन लागतं. कमी पडलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केस गळतात. आपल्या जेवणात भाकरी पोटभर आणि वरण नावाला असतं. ते उलटं करायचं. आधी डाळ, उसळ, अंडं, दही; मग भाजी; आणि जागा उरली तर भाकरी.

आकडे तोंडपाठ असले की सोपं जातं. एका अंड्यात ६ ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. तीस ग्रॅम कोरडी तूरडाळ किंवा मटकी शिजवली तर ६ ते ७. मोठी वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम दह्यात ६-७. वीस ग्रॅम कोरड्या सोयावडीत १०. ज्वारीच्या एका भाकरीतही ६ येतात, म्हणून भाकरीला शत्रू करू नका. पण पातळ वरणाच्या वाटीत पाणीच जास्त असतं, त्याला डाळ समजू नका. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर हे खरं, पण जवळजवळ निम्मं तेल आहे, त्यामुळे चटणी चटणीएवढीच.

आमचं घर माळकऱ्यांचं, अंडं आत येत नाही. मी सोयावडी भिजवून, पिळून, येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीत टाकायला लागले. येसराचा वास इतका जोरदार की सोयाचा वास लपतो. घरच्यांना पंधरा दिवस कळलं नव्हतं.

उपासाचं बोललंच पाहिजे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शिवाय नवरात्र. उपास म्हणजे पोटाला आराम असं म्हणतो आणि साबुदाण्याची खिचडी दुप्पट खातो. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आहे, प्रोटीन त्यात नसल्यासारखंच. सोडवत नसेल तर ताक, दही, दूध, राजगिरा यांवर या. आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने उपास नकोच, हे घरी आधीच सांगून ठेवा. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पांडुरंगाला ठावं हाय तुझं. तू नगं काळजी करू."

मिसरी हासुद्धा तंबाखूच

दवाखान्यात माझ्या शेजारी गंगाखेडकडच्या एक मावशी बसल्या होत्या. नर्सनं विचारलं, "तंबाखू खाता का?" "नाही बाई." "मिसरी?" "ती तर लावते की, दातासाठी. दिवसातून तीनदा."

मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. गुटखा, खैनी, विडी, मिसरी, सगळ्यांतून निकोटीनच जातं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, टाके उशिरा भरतात, आणि जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो, विशेषतः बायपासमध्ये. ऑपरेशनआधी निदान सहा आठवडे बंद, आणि नंतर पुन्हा सुरू नाही. खरं सांगा, लपवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असणं तुमच्याच जिवासाठी आहे. स्वतःच्या जोरावर सुटत नसेल तर १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे.

दारूही आधीच बंद करा. ऑपरेशननंतर ती लवकर आणि जास्त चढते.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून गोळी आणून खायची सवय असेल तर ती सर्जनना दाखवा. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पुढे अल्सरचा धोका असतो.

चालणं, श्वास, झोप

मी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर चालायचे. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत गुडघे बोलायला लागले, म्हणून दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा केलं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका. वेग नको, नेम हवा. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तुम्हाला उठवून चालवतात, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ज्यांनी आधी चालून ठेवलेलं असतं ते उठतात, बाकीचे कॉट धरून बसतात. तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं मिळतं, ते आधीच आणून रोज ओढा.

घोरणं विनोदाचा विषय करू नका. झोपेत श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी होते आणि मशीन लावायला सांगतात. मास्कची सवय व्हायला दिवस लागतात, तेव्हा तेही आधीच.

आग्रह

आपल्याकडे नाही म्हणणं हे कौशल्य आहे, आणि ते शाळेत शिकवत नाहीत. गावात हरिनाम सप्ताह, नंतर महाप्रसाद. लातूर-धाराशिवकडच्या पाहुण्यांकडे वेळ अमावस्येला शेतात भज्जी, आंबील, खीर. वाढपी बादली घेऊन आला की त्याला रिकामं ताट दिसतं, तुमचा बीएमआय दिसत नाही.

मला जे जमलं ते सांगते. पंगतीत बसू नका, स्वतः वाढायला उभ्या राहा. वाढणाऱ्या बाईला कुणी वाढत नाही. बसावंच लागलं तर ताटात थोडं ठेवून हळू खात राहा. "डाएट चालू आहे" म्हणू नका, त्यावर सगळे तुटून पडतात. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा, त्यावर कुणी बोलत नाही.

घरातला आग्रह याहून कठीण. आत्याबाई रोज म्हणायच्या, "एवढुशानं काय व्हतंय? वाळून जाशील." त्यांचं प्रेम भाकरीतूनच बाहेर पडायचं. शेवटी मी त्यांना माझ्यासोबत मॅडमकडे नेलं. मॅडमनी त्यांच्या हातात दीडशे मिलीची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, हिचं पोट आता एवढंच राहणार." आत्याबाईंनी वाटी उलटीपालटी करून पाहिली. परतीच्या गाडीत बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुगाचं कढण कसं गाळायचं ते त्यांनीच विचारलं.

तपासण्या

हे भराभर. रक्त, साखर, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह; पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी; एन्डोस्कोपी; हृदयाची तपासणी. हिमोग्लोबिन कमी निघालं तर ते भरायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने आधीच बघा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या नंतर आयुष्यभर घ्यायच्या आहेत, आतापासूनच चहासोबत नव्हे, वेगळ्या वेळी घ्यायची सवय लावा. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भ राहू नये असं सांगतात, त्याचं नियोजन नवरा-बायकोनं आधी करावं. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर वेड लागलं असा अर्थ नाही. रात्री अकराला फ्रीज का उघडतो, ते तिथं बोलता येतं.

शेवटचे दोन आठवडे

बहुतेक ठिकाणी शेवटचे साधारण दोन आठवडे द्रव किंवा अगदी कमी कॅलरीचा आहार देतात. कारण यकृत. वजन जास्त असलं की यकृतात चरबी साठून ते फुगतं, आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. सर्जनला तो उचलून धरून खाली काम करायचं असतं. या आहारानं यकृत लहान आणि मऊ होतं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सुरू करू नका. खाणं एकदम कमी आणि औषध तेवढंच, असं झालं तर साखर धोकादायक उतरते.

मी ताक, गाळलेलं कढण, टोमॅटोचं सार आणि प्रोटीन पावडर घातलेलं साय काढलेलं दूध यांवर होते. प्रमाण मॅडमनी लिहून दिलेलं. पहिले तीन दिवस डोकं दुखलं, कांद्याच्या फोडणीचा वास आला की रडू यायचं. चौथ्या दिवसापासून निभावलं. या दिवसांत नातेवाईक डबे घेऊन येतात, "आता पुन्हा कधी खाशील, शेवटचं घे." दारातूनच परत पाठवा. एकीनं असं 'शेवटचं' चार दिवस केलं, तिचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं.

दवाखान्याच्या पिशवीत कागदांसोबत रेघांची बाटली, लहान चमचा, ती दीडशे मिलीची वाटी आणि सैल गाऊन टाका. बाहेरगावी ऑपरेशन असेल तर दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर लगेच गाव गाठू नका, दोन-चार दिवस जवळपास राहायची सोय बघा. ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, थांबत नसलेली उलटी, धडधड, दम लागणं यातलं काहीही झालं तर गावातल्या डॉक्टरांकडे वेळ न घालवता त्याच दवाखान्यात. परतताना गाडी दर तासाला थांबवा, उतरून पाच मिनिटं चाला. संभाजीनगरहून परभणीपर्यंत आम्ही चारदा थांबलो. तिसऱ्यांदा जालन्याच्या पुढे एका चहाच्या टपरीशी थांबलो, तर टपरीवाला लांबूनच म्हणाला, "ताई, घोटभर घ्या की."